लहान मुलांना ऑपेरा शिकवायचा म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

२०१३ साली नेदरलँड्समधल्या एका टीव्ही स्पर्धेत आमिरा विलिहागेन नावाची नऊ वर्षांची मुलगी इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ऑपेरातलं गाणं गायली आणि ती स्पर्धा जिंकली. तो व्हिडिओ अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. मी पुण्यात मुलांना पाश्चात्त्य गायन शिकवते. त्यामुळे अधूनमधून कुणाची तरी आई किंवा बाबा मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "मॅडम, आमच्या मुलीला असं गायला किती दिवसांत येईल?"

प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि उत्तर एका वाक्यात देता येत नाही. टाळता तर मुळीच येऊ नये, कारण या बाबतीत चुकीची घाई झाली तर तिची किंमत मुलाचा गळा मोजतो. म्हणून पहिल्यापासून सांगते.

ऑपेरा म्हणजे काय, थोडक्यात

ऑपेरा हे नाटक आहे. पात्रं बोलण्याऐवजी गातात आणि रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत बसून पूर्ण वाद्यवृंद साथ करतो. सोळावं शतक संपता संपता इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये याची सुरुवात झाली. मोंतेवेर्दी या संगीतकाराचा १६०७ सालचा 'ऑर्फेओ' आजही रंगमंचावर होतो. १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि राजवाड्यातला हा प्रकार लोकांचा झाला. त्यातल्या एकट्याने गायच्या मोठ्या गाण्याला आरिया म्हणतात.

पुणेकराला हे परकं वाटायचं कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातच रंगभूमीवर आलं आणि पुढची कित्येक वर्षं गाणारे नट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत राहिले. फरक साथीचा आहे. संगीत नाटकात ऑर्गन, तबला आणि सारंगी असते. ऑपेरात पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक एकदम वाजवत असतात आणि त्यांच्यावरून एकट्या माणसाचा आवाज प्रेक्षागृहाच्या टोकाला जातो, तोही माइकशिवाय.

मुलांना काय शिकवायचं आणि काय शिकवायचं नाही, हे ठरतं ते या शेवटच्या गोष्टीवरून.

इतक्या वाद्यांवरून एक आवाज ऐकू येतो कसा?

बहुतेकांना वाटतं, जोर लावून. जोराने वाद्यवृंदाशी स्पर्धा केली तर कुणीही हरेल.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडला उभं राहून ऐकलंत तर खरं कारण कळेल. चाळीस-पन्नास ढोल एकदम वाजत असतात, छातीत धडधडतं, तरी पाच-सहा ताशांची तडतड स्पष्ट ऐकू येते. ताशेवाला ढोलवाल्यापेक्षा जास्त ताकद लावत नाही. ढोलाचा सगळा भर खालच्या, जाड आवाजात असतो. ताशा वरच्या, टोकदार पट्ट्यात वाजतो आणि तिथे ढोल नसतोच.

वाद्यवृंदाचंही तसंच आहे. त्याच्या आवाजाचा सर्वात जास्त जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५०० कंपनं. त्याच्या वर जाऊ तसा तो ओसरत जातो. स्वीडनचे आवाजाचे संशोधक योहान सुंडबेरी यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं, की मुरलेल्या ऑपेरा गायकाच्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्झच्या जवळपास एक जादा उंचवटा असतो. त्याला सिंगर्स फॉर्मंट म्हणतात. वाद्यवृंद तिथे दुबळा असतो आणि आपला कानही त्याच पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. हा उंचवटा तयार होतो स्वरयंत्राच्या अगदी वरची चिंचोळी नळी आणि तिच्या वरचा मोकळा घसा यांच्या विशिष्ट मापामुळे. उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांची युक्ती थोडी निराळी असते. स्वर चढत जाईल तसं त्या तोंड जास्त उघडत नेतात, म्हणजे तोंडाच्या पोकळीचा घुमारा त्या स्वराशी जुळतो आणि आवाज कमी कष्टात मोठा होतो.

दोन्हीकडे लागतं ते पूर्ण वाढलेलं शरीर आणि अनेक वर्षांचा रियाज. नऊ वर्षांच्या मुलीकडे यातलं काहीच नसतं, आणि नसणारच.

मुलाचा गळा वेगळा असतो

मोठ्या बाईचे स्वरतंतू साधारण एक ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असतात, पुरुषाचे पावणेदोन ते अडीच. मुलांचे त्याहून बरेच लहान. पण लांबी ही अर्धीच गोष्ट झाली. स्वरतंतू थरांचे बनलेले असतात. ताण सोसणारा आतला भक्कम थर जन्मतः नसतो, तो हळूहळू घडत जातो आणि किशोरवय संपत आलं की पुरता तयार होतो. मुलांचं स्वरयंत्र मानेत वरच्या बाजूला असतं आणि त्याच्या कूर्चा मऊ असतात.

आता हिशेब बघा. पियानोच्या मधल्या पांढरी एकला, म्हणजे मिडल सीला, स्वरतंतू सेकंदाला सुमारे २६२ वेळा एकमेकांवर येतात. सोप्रानोच्या, म्हणजे सर्वात उंच स्त्री-आवाजाच्या, प्रसिद्ध 'वरच्या सी'ला सुमारे १०४६ वेळा. हलक्या आवाजात मुलं उंच स्वर सहज लावतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण 'मोठा' आवाज काढायचा म्हणून गळा आवळून हवा रेटली, की प्रत्येक टक्कर जोरात होते. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना रोज दिसतं. गाताना ओरडलं तरी गळ्याला तो ओरडाच असतो.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. लहान मुलाला ऑपेराचा पाया जरूर शिकवावा, ऑपेराचा आवाज काढायला शिकवू नये. मोठ्या गायिकेची नक्कल करायला लागलेलं मूल जीभ मागे ओढतं, स्वरयंत्र खाली दाबतं, जबडा हलवून आवाज थरथरवतं. ती थरथर, जिला व्हिब्राटो म्हणतात, मोठेपणी मोकळ्या गळ्यात आपोआप येते. मुद्दाम आणली तर तिची जागा ताणाने घेतलेली असते आणि ती सवय सोडवायला वर्षं जातात.

मग वर्गात करायचं काय?

सर्वात आधी श्वास. "पोटातून गा" हे आपल्याकडे प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं आणि ते ऐकून मूल पोट आत खेचून घट्ट करतं. हवा पोटात जात नाही, फुप्फुसांतच जाते. फुप्फुसांखाली घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. श्वास घेताना तो सपाट होत खाली सरकतो, त्यामुळे पोट पुढे येतं. सोडताना तो सैल पडून वर जातो. बोलताना हे झटकन होतं. गाताना फासळ्या मिटू न देता ही परतीची वाट लांबवायची असते, म्हणजे हवा एकदम न सुटता बेताने सुटते. इटालियन परंपरेत याला अप्पोज्यो म्हणतात. मुलांना हा शब्द सांगायची गरज नाही. त्यांना सतरंजीवर उताणं झोपवते, पोटावर पाठ्यपुस्तक ठेवते आणि पुस्तक वर-खाली होताना बघायला सांगते. आडवं झाल्यावर खांदे उचलून श्वास घेणं अवघड जातं, त्यामुळे योग्य श्वास बहुतेकांना पाच मिनिटांत सापडतो. उभं राहिल्यावर तो हरवतो. पुन्हा झोपायचं. यात काही महिने गेले तरी ते वाया गेलेले नसतात.

मग स्ट्रॉ. अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची, ओठ तिच्याभोवती मिटायचे आणि आतून 'ऊ' म्हणत फुंकायचं. समोरच्या बाजूने हवेला थोडा अडथळा झाला की तो दाब उलट स्वरतंतूंना मदत करतो, ते कमी आपटतात आणि सहज कंप पावतात. मोठे व्यावसायिक गायकही हा व्यायाम करतात. मुलांसाठी यात आणखी एक फायदा आहे, स्वतःचा श्वास डोळ्यांना दिसतो. परवाच्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा 'सा' ते 'प' चढत होता. 'ग'पर्यंत बुडबुडे एकसारखे येत होते, 'म'ला खांदे वर गेले आणि पाणी उसळून टेबलावर सांडलं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी ढकललं." पुढच्या वेळी त्याने ढकललं नाही.

तिसरी गोष्ट वरचा हलका आवाज. गाताना छातीत कंप जाणवतो तो भरदार आवाज म्हणजे चेस्ट व्हॉइस. डोक्यात, नाकाच्या मुळाशी जाणवतो तो हलका आवाज म्हणजे हेड व्हॉइस. आपल्या मुलांना पहिला छान येतो, कारण शाळेच्या प्रार्थनेपासून टीव्हीवरच्या गाण्यांपर्यंत सगळं त्याच आवाजात असतं. तोच आवाज वर वर चढवत नेला की एका ठिकाणी गळा अडतो आणि मूल किंचाळतं. म्हणून ऑपेराच्या दिशेने जाणाऱ्या मुलाला वरून खाली आणायचं. घुबडासारखं 'हू' वरच्या सप्तकात काढायचं आणि घसरत खाली यायचं. आवाज आधी पोकळ, हवा मिसळलेला येतो. तो येऊ द्यावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मधल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनपर्यंत सहज गाता आलं तर पुष्कळ झालं.

दोन स्वर एकदम

या गोष्टीवर मी सर्वात जास्त वेळ घालवते, आणि पालकांना तिचं महत्त्व सर्वात उशिरा पटतं.

आपलं संगीत एका ओळीत चालतं. तानपुरा षड्ज धरून असतो आणि गाणारा त्याच्याशी नातं जोडत जातो. ऑपेरात एकाच क्षणी चार पात्रं चार वेगळ्या ओळी गात असू शकतात आणि वाद्यवृंद पाचवं काही वाजवत असतो. आपली ओळ न सोडता दुसऱ्याची ऐकत राहणं, हे कौशल्य लहानपणी कानावर पडलं तर पुढे फार सोपं जातं.

सुरुवात अगदी साधी असते. एकाने 'सा' धरायचा, दुसऱ्याने 'ग'. 'ग'वालं मूल हमखास घसरत 'सा'वर येतं, कारण कान तिकडे ओढतो. मग ते एका कानावर तळवा ठेवतं, आणि मी तो काढायला लावते, कारण दुसऱ्याला न ऐकता सुरात राहणं इथे चालत नाही. काही आठवड्यांनी असा एक दिवस येतो की दोन्ही स्वर नेमके जुळतात आणि खोलीत तिसराच घुमारा उठतो. मुलं गाता गाता एकमेकांकडे बघायला लागतात. मग एकच चाल एकामागून एक सुरू करायची, मग तीन गट करायचे. ज्यांचे कान सा-रे-ग-म वर तयार झालेत त्यांना डो-रे-मी दोन दिवसांत येतं. पाच रेषांवरची स्वरलिपी वाचायला मात्र वेळ लागतो. ती पहिल्या वर्षीच सुरू करावी, रोज थोडी.

"मुलगी शास्त्रीय शिकते, गळा बिघडणार नाही ना?"

पुण्यात हा प्रश्न येणारच. भारत गायन समाज १९११ पासून या शहरात गाणं शिकवतोय. घरात आजी-आजोबांनी सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री जागवलेल्या असतात.

दोन्ही एकत्र शिकता येतं. श्वास, सूर आणि मोकळा गळा दोन्हीकडे तेच आहे. फरक स्वराकडे जायच्या पद्धतीत आहे. मींड घेत स्वरावर येणं हे तिकडे सौंदर्य, इकडे स्वर थेट मधोमध लागायला हवा. तिकडे आपापल्या गळ्याला सोयीचा षड्ज निवडता येतो, कुणी काळी चार, कुणी पांढरी पाच. ऑपेरातल्या पात्राची पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते आणि गायकालाच तिथे पोहोचावं लागतं. मुलं हा फरक आपण समजतो त्याहून लवकर ओळखतात, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलतातच की ती. दोन पथ्यं मात्र पाळावीत. दोन्हींचा रियाज लागोपाठ नको, आणि दोन्ही गुरूंना एकमेकांबद्दल माहीत असावं. दोघांपैकी कुणी भरदार आवाजात वर चढायला लावत असेल तर तिथे बोलायला हवं, मग ते कुठलंही संगीत असो.

"इटालियन येत नाही, मग अर्थ न कळता घोकंपट्टीच ना?"

घोकंपट्टी होऊ नये, हे खरं. प्रत्येक ओळीचा अर्थ आधी मराठीत सांगून, ती ओळ नाटकातल्यासारखी बोलून घेतल्याशिवाय गाऊ देऊ नये. आई रागावलीय आणि तिला मनवायचंय, असा प्रसंग दिला की मुलं तीच ओळ पाच तऱ्हांनी म्हणतात. अभिनय हा ऑपेराच्या पायाचाच भाग आहे, शेवटी वरून लावायचा रंग नव्हे.

उच्चारांत तर मराठी मुलांना मोठा फायदा आहे. इटालियनमधले आ, ए, ई, ओ, ऊ जवळजवळ आपलेच आहेत. त्यांचा त आणि द दाताला जीभ लावूनच येतो. 'पत्ता', 'अन्न' म्हणताना आपण जसं जोडाक्षरावर थांबतो तसंच तेही थांबतात. 'सगळं' या अर्थाचा शब्द मराठी बोलणारं मूल सहज 'तुत्तो' म्हणतं. इंग्रजी शाळेची सवय असलेलं मूल आधी 'टुट्टो' म्हणतं, आणि त्याला फक्त घरची भाषा आठवून द्यावी लागते.

"मुलाचा आवाज फुटला. आता बंद करायचं का?"

बंद करू नये. साधारण १२ ते १५ वर्षांच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. गाता गाता आवाज चिरकतो आणि मुलगा लाजून गप्प होतो. या काळात फक्त आरामात लागणारे चार-पाच स्वर गावेत, जोर अजिबात नको आणि वाचन, ताल, अभिनय चालू ठेवावं. मुलींचाही आवाज बदलतो हे मात्र फार कमी पालकांना माहीत असतं. तो थोडाच खाली येतो, पण वर्ष-दोन वर्षं हवा मिसळलेला, फिका वाटतो. "तिचं गाणं बिघडलं" असं कुणी तिच्यासमोर म्हणू नये.

एरवी कुठल्याही वयात आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर गाणं थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

"पण व्हिडिओतली मुलगी गातेच की!"

गाते, आणि गोड गाते. तिच्यासमोर माइक असतो, म्हणून तिला वाद्यवृंदावरून आवाज न्यावा लागत नाही. ऑपेरागृहात ते आरिया मोठी सोप्रानो गाते, माइकशिवाय, आणि त्याच्या आधी-नंतर संपूर्ण भूमिका गाते.

मुलांनी ऑपेरात काय गावं हे खुद्द संगीतकारांनी लिहून ठेवलंय. मोत्सार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये तीन मुलगे आहेत, ते तिघं मिळून गातात. बिझेच्या 'कार्मेन'मध्ये, १८७५ साली, रस्त्यावरची पोरं शिपायांची नक्कल करत घोळक्याने गातात. पुच्चिनीच्या १९०० सालच्या 'तोस्का'त तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पहाटेच्या वेळी पडद्याआडून एक गुराखी मुलगा गातो, आणि त्याच्या गाण्याखाली वाद्यवृंद अगदी विरळ झालेला असतो. मुलाकडून मोठ्या प्रेमनायिकेचं काम यांच्यापैकी कुणीही मागितलं नाही.

परीक्षा, वेळ आणि शिक्षक

एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या संस्थांच्या गायनाच्या परीक्षा भारतात देता येतात. त्या आठव्या ग्रेडपर्यंत असतात. मूल आनंदाने देत असेल तर द्यावी. एकेका वर्षात दोन ग्रेड उरकायची धाव मला अजिबात पटत नाही.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जमलं तर सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा, पण सलग तासभर नको.

शिक्षक निवडताना पहिल्या तासाला मागे बसून बघा. मुलाचे खांदे, मान आणि जबडा यांकडे त्यांचं लक्ष आहे का? उंच स्वराला मान पुढे गेली तर ते थांबवतात का? आठ वर्षांच्या मुलीला "तू सोप्रानो आहेस" असं सांगून टाकतात का? त्या वयात आवाजाची जात ठरत नाही, पुढे ती बदलू शकते. "अजून मोठ्याने" हे शब्द वारंवार ऐकू आले तर दुसरा वर्ग शोधा.

मोठं आरिया कधी?

पंधरा-सोळाच्या पुढे, आवाज स्थिरावल्यावर, जुनी हलकी इटालियन गाणी सुरू होतात. पाश्चात्त्य संगीत विद्यालयांत गायनाचा पूर्ण अभ्यास अठराच्या आसपास सुरू होतो, आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या वजनदार भूमिका पेलणारे आवाज बहुधा तिशी ओलांडलेले असतात. पियानो किंवा व्हायोलिनसाठी पाचव्या वर्षी सुरुवात केलेली बरी. ऑपेरासाठी वेळ भरपूर आहे.

तोवर मुलांना ऐकवायला न्या. कॅम्पातल्या मझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिथे पूर्ण ऑपेराही झालेत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते सुरू झालं, अनेक वर्षं बंद राहिलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं ते मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गाण्याने. माइकशिवायचा कार्यक्रम आहे ना, एवढं आधी विचारून घ्या आणि तिकीट शेवटच्या रांगेचं काढा. गायिका तिथून बोटाएवढी दिसते, मूल तिचे ओठ हलताना बघतं आणि आवाज मात्र त्याच्या कानाशी असतो. असा आवाज कसा काढायचा, हे मग मूल स्वतःच विचारतं.